गायींच्या यादीत शेळी

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

काम मिळालं. नगरच्या संस्थेचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. तोंडात फेस असतानाच "हो सर, नक्की सर" म्हणत राहिलो. समोरच्याला काय ऐकू गेलं असेल देव जाणे.

संस्थेची एक गाडी आहे. जनावरांच्या डॉक्टर शुभांगी मॅडम ती घेऊन जामखेडकडच्या वाड्यावस्त्यांवर फिरतात. लोक जनावरं आणतात, मॅडम तपासतात, औषध देतात. आजवर सगळं कागदावर होतं. आता ते मोबाईलवर करायचं आहे. जनावराची नोंद करायची, आणि जंताचं औषध किती पाजायचं त्याची चिठ्ठी छोट्या प्रिंटरमधून बाहेर यायची.

राहुरीत वीस वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. अर्ध्या गावाने माझ्याकडे टायपिंग शिकलं असेल. आता क्लासला कोणी येत नाही. म्हणून गेली काही वर्षं मी प्रोग्रॅमिंग करतो. शिकलो व्हिडिओ बघून. हे कोणाला सांगत नाही. लोकांना वाटतं, सरांना पहिल्यापासून येतं. वाटू दे.

दिवाळीनंतर संस्कृतीला कामाला ठेवलं ते बरं केलं. मूळची जामखेड तालुक्यातली, नगरला इंजिनिअर झालेली, इथे खोली घेऊन राहते. हुशार असावी. पण बोलते कमी आणि शंका फार काढते.

बायकोने, सीमाने, शिरा केला. शाळेत शिकवून दमून आली होती तरी केला.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

संस्कृतीने एक काम चांगलं केलं, हे मानायला हवं. गायींची यादी, म्हशींची यादी, शेळ्यांची यादी असा तोच कोड पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी तिने एकच 'यादी' लिहिली आणि तिला लेबल लावायची सोय केली. ही यादी कशाची? गायींची. ही कशाची? शेळ्यांची. किराणाच्या डब्यांना लावतो तसं. लेबल लावलं की दुसरं काही आत टाकणारा कोड लिहायला लागलो तर यंत्र तिथेच अडवतं. याला जेनेरिक म्हणतात. मी व्हिडिओत पाहिलं होतं, पण कधी वापरलं नव्हतं. तिला म्हणालो, "मीही हेच सुचवणार होतो."

जनावर नोंदवायचा स्क्रीन मी स्वतः केला. गाय असो, शेळी असो, स्क्रीन एकच. त्याला लागते 'जनावरांची यादी'. मी त्याला गायींची यादी जोडली, तर खाली लाल रेघ. लाल रेघ म्हणजे लिहितानाच यंत्र सांगतं की इथे काहीतरी चुकतंय.

माझं डोकं फिरलं. गाय जनावर नाही का? मग गायींची यादी ही जनावरांची यादी का नाही? बालवाडीतलं पोरगंसुद्धा सांगेल. इंग्रजीत लांबलचक कारण लिहून आलं होतं, ते अर्ध्यात सोडलं. अशा वेळी एक उपाय मला माहीत आहे. 'एनी' असा एक शब्द लिहायचा. म्हणजे यंत्राला सांगायचं, इथे काहीही येईल, तू बघू नकोस. लिहिला. रेघ गेली.

संस्कृती मागे उभी होती.

"सर, एक शंका होती. वर गायींचं पान उघडं असेल आणि या स्क्रीनवरून कोणी शेळी नोंदवली, तर ती कुठे जाईल?"

"शेळ्यांच्या यादीत."

"पण स्क्रीनला आपण गायींची यादी दिलीय ना, सर?"

"अगं, शेळी नोंदवायची तर तो आधी शेळ्यांचं पान उघडेल ना."

"कोण सर?"

"जो वापरतो तो!"

"बरं सर," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. अजून मूलभूत गोष्टींत अडखळते. हळूहळू तयार होईल.


शनिवार, २२ नोव्हेंबर

नगरला जाऊन संस्थेत सगळं दाखवून आलो. फार छान झालं. मी गायी नोंदवत गेलो, चिठ्ठ्या निघत गेल्या. शुभांगी मॅडम वयाने लहान आहेत, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी विचारलं, "वजन टाकलं नाही तर?" मी म्हणालो, "मग सरासरी वजन धरून हिशोब होतो." त्यांनी मान हलवली, पण "शक्यतो वजन टाकायचंच, बरं का" असं गाडीवरच्या बिभीषणला बजावलं. बिभीषण म्हणजे औषध पाजणारा त्यांचा माणूस. नवीनच लागलाय.

परत येताना संस्कृती एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "झालं की नाही झकास?" ती म्हणाली, "हो सर. शेळी कोणी नोंदवली नाही."

काय बोलण्याची पद्धत आहे ही! आनंदाच्या दिवशी.


बुधवार, ३ डिसेंबर

आज पहिलं शिबिर, जामखेडच्या पुढच्या एका वस्तीवर. मॅडमचा दुपारी मेसेज आला: व्यवस्थित चालू आहे. सीमाला दाखवला. जेवताना मी दोनदा वाढून घेतलं.


गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळी मॅडमचा फोन. आधी मला नीट कळेनाच त्या काय म्हणताहेत.

काल दुपारनंतर एक गाय विताना अडली म्हणून मॅडम शेजारच्या वस्तीवर गेल्या होत्या. मागे बिभीषण एकटा. छबूबाई नावाच्या बाईंच्या शेळ्या आल्या. त्याने नोंदवल्या, चिठ्ठ्या निघाल्या, त्याप्रमाणे पाजलं. थोड्या वेळाने शेळ्या थरथरायला लागल्या, तोंडाला फेस. मॅडम धावत आल्या, सलाईन लावलं. बाकीच्या वाचल्या. एक गेली. गाभण होती.

"चिठ्ठीवर गायीचा डोस आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "शेळीला दहापट."

मी म्हणालो, "बिभीषणने चुकीचं बटण दाबलं असेल."

"असेल. तो म्हणतो, बाटलीत एवढं औषध बघून त्यालाही शंका आली होती. पण चिठ्ठीवर तसंच होतं."

फोन ठेवल्यावर मी संस्कृतीकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिचा चेहरा उतरला होता. बटणाचीच चूक असणार. नवीन माणूस, घाई, दुसरं काय?

दिवसभर कोणाचाही फोन आला की आधी नाव बघून मगच उचलत होतो.


शनिवार, ६ डिसेंबर

संस्कृती आज येणार नाही असं धरून चाललो होतो. तिच्या घरचे सगळे दर वर्षी सहा डिसेंबरला मुंबईला चैत्यभूमीवर जातात. तीही लहानपणापासून जाते. आज बाकीचे सगळे तिच्याशिवाय गेले. ही सकाळी माझ्या आधी येऊन क्लासच्या पायरीवर बसलेली. मी म्हटलं, "अगं, जायचं ना." म्हणाली, "बाबा म्हणाले, ज्याचं त्या वेळचं काम त्याने करावं."

मग पुन्हा तिच्या शंका सुरू.

"सर, गायींच्या यादीतून एक नोंद बाहेर काढली, तर ती जनावराचीच असणार ना?"

"असणारच."

"आणि जनावरांच्या यादीत आत टाकायला काय काय चालतं?"

"काहीही. गाय, म्हैस, शेळी."

"मग गायींच्या यादीलाच आपण जनावरांची यादी म्हटलं, तर तिच्यातही काहीही टाकायला चालेल का?"

"नाही," असं मी म्हणून गेलो. आणि मग कुठेतरी काहीतरी टोचलं, पण काय ते हाताला लागेना. चिडून म्हणालो, "हे तुला कळायला पाहिजे. इंजिनिअर आहेस ना?"

"हो सर," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. मला वाईट वाटलं. एवढ्या साध्या गोष्टी हिला कॉलेजात कोणी नीट शिकवल्या नाहीत, त्याला ती काय करणार?


सोमवार, ८ डिसेंबर

संस्थेने बिभीषणला गाडीवरच्या कामावरून काढलं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली. दोन्ही लिहून ठेवतो.

मी स्क्रीनवर एक अट टाकली: गायींचं पान उघडं असेल आणि शेळी निवडली, तर अडवायचं. चालवून पाहिलं. अडलं. संस्कृतीला बोलावून दाखवलं.

"हो सर, इथलं भोक बुजलं," ती म्हणाली. मग थांबून, "मेंढी निवडली तर?"

मेंढी निवडली. गेली आत.

मग मेंढीची अट टाकली. मग ती म्हणाली, "लसीकरणाच्या पानावरही हाच स्क्रीन वापरलाय आपण." तिथे जाऊन पाहिलं. तिथे तर शेळीसुद्धा सरळ आत जात होती.

नंतर खूप व्हिडिओ बघितले. कोव्हेरियन्स, कॉन्ट्राव्हेरियन्स, इन्व्हेरियन्स. एखाद्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेली आजारांची नावं वाटतात. सांगणारा मुलगा इतक्या वेगाने बोलतो की मी मागे मागे करून बघत राहिलो. शब्द कळतात. गोष्ट कळत नाही. पन्नाशीला आलो, आता डोक्यात शिरणार नाही, असं वाटून गेलं.


मंगळवार, ९ डिसेंबर

जेवताना सीमाने विचारलं, "संस्कृती कशी आहे हो? घाबरली असेल पोरगी."

मी म्हटलं, "बरी आहे. पण पाया कच्चा आहे. सारखे प्रश्न." आणि शनिवारचे तिचे प्रश्न जसेच्या तसे सांगितले. काढलं तर जनावरच ना, टाकायला काय चालतं, मग गायींच्या यादीत काहीही चालेल का.

सीमा भाकरी मोडता मोडता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, आणि मग तिने हसणं आवरलं.

"काय झालं?"

"अहो, हे प्रश्न नाहीत."

"मग काय आहे?"

"मी तिसरीच्या वर्गात हेच करते. उत्तर पोराच्या तोंडून यावं म्हणून एकेक पायरी विचारत जायचं. तिला शंका नाहीये काही. ती तुम्हाला शिकवतेय."

मी म्हणालो, "काहीतरीच तुझं."

पण हात ताटातच राहिला. एसटीतलं आठवलं, पहिली लाल रेघ आठवली. 'कोण सर?' हे आठवलं. पोरीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने सांगितलंही होतं, माझा मान राखून जेवढं सांगता येईल तेवढं. आणि मी इथे काय काय लिहून ठेवलंय. मागची पानं चाळली आणि मिटून टाकली.


बुधवार, १० डिसेंबर

सकाळी क्लासवर गेलो. चहा मागवला. चहा संपल्यावर दोन्ही ग्लास मीच विसळून ठेवले. शेवटी म्हणालो,

"संस्कृती, मला हे येत नाही."

"काय सर?"

"हे यादीचं. लाल रेघ का येते ते मला कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं. पहिल्यापासून सांग. आणि प्रश्न विचारू नकोस, सरळ सांग."

ती म्हणाली, "मी तेव्हाच स्पष्ट बोलायला हवं होतं, सर. तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं."

"आवडलं नसतंच," मी म्हणालो. "सांग आता."

तिने कॉम्प्युटर बाजूला सारला आणि कागदावर एक चौकोन काढला.

"हा शेळ्यांचा गोठा, सर. आता एक माणूस आला आणि म्हणाला, मला एखादं जनावर बघायचंय, कुठलंही. त्याला या गोठ्यात नेलं तर?"

"चालेल. शेळी बघेल. शेळी जनावरच आहे."

"दुसरा आला. तो म्हणाला, माझ्याकडे एक जनावर आहे, बांधायला जागा द्या. त्यालाही हाच गोठा दाखवला, हाही जनावरांचाच गोठा आहे म्हणून. त्याच्या हातात रेडा आहे."

"अरे!" मी म्हणालो.

खरंच तोंडातून तसंच निघालं. इतके दिवस टोचत होतं ते हेच. शेळी जनावर आहे, यात खोटं काहीच नाही. म्हणून मी अडून बसलो होतो. पण प्रश्न शेळीचा नव्हताच, गोठ्याचा होता. गोठ्यातून बघायचंय की गोठ्यात बांधायचंय, यावर सगळं आहे. बघणाऱ्याला शेळ्यांचा गोठा जनावरांचा म्हणून दाखवला तर काही बिघडत नाही. बांधणाऱ्याला दाखवला तर रेडा शेळ्यांत.

"आणि उलट, सर," संस्कृती आता न अडखळता बोलत होती, "एखाद्याला शेळीच बांधायचीय. त्याला शेळ्यांचा गोठा चालेल, आणि कुठल्याही जनावरांचा मोठा कोंडवाडा असेल तर तोही चालेल. बघताना एक दिशा, बांधताना बरोब्बर उलटी."

"आणि दोन्ही करायचं असेल तर?"

"मग नेमका तोच गोठा हवा. त्याहून मोठा नाही, लहान नाही."

आजारांची तीन नावं एका कागदावर उतरली. आपल्या नोंदणीच्या स्क्रीनमध्ये बघायचंही आहे आणि बांधायचंही आहे. म्हणून रेघ येत होती. आणि मी 'एनी' लिहून यंत्राचं तोंड बंद केलं. आपली ही भाषा जे काय तपासायचं ते लिहितानाच तपासते, एकदा चालू झाल्यावर काही बघत नाही. शेळी गायींच्या यादीत निमूट गेली. वजन टाकलेलं नव्हतं, म्हणून गायीचं सरासरी वजन धरलं गेलं. नोंद उघडून पाहिली, बिभीषणने निवडली शेळीच होती.

शुभांगी मॅडमना लगेच फोन केला. म्हणालो, बिभीषणची चूक नाही, माझी आहे. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, पण तुम्ही सांगितलंत ते बरं झालं." पुढे म्हणाल्या, "त्याला मी उद्यापासून बोलावते." मग त्या जरा कडक आवाजात म्हणाल्या की नीट होईपर्यंत चिठ्ठ्या त्या हातानेच लिहितील. म्हटलं, तसंच करा.

संस्कृती डबा खात होती. आज तिने मला विचारलं, "सर, मिरचीचा ठेचा घेणार?" आजवर कधी विचारलं नव्हतं. जाळ होता नुसता.


मंगळवार, १६ डिसेंबर

सगळीकडचा 'एनी' काढून टाकला. काढल्याबरोबर स्क्रीन लालेलाल. आधी मी अशा वेळी पान बंद करून चहाला गेलो असतो. आता एकेक रेघ वाचायला घेतली. प्रत्येक वेळी स्वतःला तेच विचारायचं: इथे बघतोय की बांधतोय?

नुसतं दाखवणारी पानं होती तिथे यादीला फक्त वाचायची परवानगी ठेवली, रेघा गेल्या. टाकणारी होती तिथे नेमकी यादी द्यायला लावली, तिथल्याही गेल्या. शेळी निवडली की आता गायींच्या यादीचा दरवाजाच समोर येत नाही.

एक रेघ मात्र जाईना. ती यादीवर नव्हतीच. चिठ्ठीच्या पानाला लागतो 'कुठल्याही जनावराचा डोस काढणारा' कोड, आणि मी तिथे बसवला होता 'गायीचा डोस काढणारा'. मी बराच वेळ बघत बसलो. संस्कृती बँकेत गेली होती. तिला फोन करावासा वाटला, केला नाही.

मग शुभांगी मॅडम डोळ्यांसमोर आल्या. त्या कुठल्याही जनावराच्या डॉक्टर. गाय आजारी आहे म्हणून कोणी हाक मारली तर त्यांना पाठवता येतं. पण ज्याला फक्त गायीचंच कळतं, त्याला 'कुठलंही जनावर आणा, हा बघेल' म्हणून बसवता येत नाही. गाय ही जनावरांत येते, पण गायीचा डॉक्टर जनावरांच्या डॉक्टरांच्या जागी बसत नाही. इथे दिशा उलटी आहे! बांधण्यासारखीच उलटी. कारण हाही घेणारा आहे, त्याच्या हातात जनावर द्यायचंय.

म्हणजे शेळीचा डोस चुकायला दोन भोकं होती, एक नव्हे. यादीचं आपल्याला सापडलं होतं. हे दुसरं मी एकट्याने शोधलं. खुर्चीतून उठून क्लासमध्ये दोन फेऱ्या मारल्या. पन्नाशीला डोक्यात शिरतं!

संस्कृती आल्यावर दाखवलं. तिने वाकून वाचलं आणि म्हणाली, "सर, हे मला दिसलंच नव्हतं."

खरंच दिसलं नव्हतं की नेहमीसारखं माझ्यासाठी सोडलं होतं, ते मी विचारलं नाही.


शुक्रवार, १९ डिसेंबर

मॅडमनी दिवसभर बसून तपासलं. शेळी, मेंढी, रेडकू, वजन न टाकता, उलटसुलट. वजनाशिवाय आता चिठ्ठीच निघत नाही, ही अट त्यांची. आम्ही कुठे अडलो नाही.

मग म्हणाल्या, "अॅप झालं. पण त्या वस्तीवर आता कोणी जनावर आणत नाही. परवा गाडी रिकामी परत आली. छबूबाई सगळ्यांना सांगतात, नेऊ नका."

मी म्हणालो, "मी येतो."

संस्कृती म्हणाली, "मी पण."


मंगळवार, २३ डिसेंबर

पहाटे निघालो. नगर ओलांडून जामखेडच्या रस्त्याला लागल्यावर हिरवं कमी होत गेलं. वस्तीवर पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाडी कडुलिंबाखाली उभी केली, बिभीषणने टेबल मांडलं, वजनकाटा टांगला. कोणी येईना. बायका दारातून बघत होत्या.

मी आणि संस्कृती छबूबाईंच्या घरी गेलो. साठीच्या असतील. अंगणात बसून तूर पाखडत होत्या. शेळ्या मागे बांधलेल्या.

"तुमीच का ते मशीनवाले?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"हो. मीच."

"बसा."

बसलो. सूप चालूच राहिलं.

"माझी शेळी गाभन हुती."

"हो."

"लई गुनाची. हाक मारली की यायची." सूप थांबलं. "त्यो बिभीषण रडत हुता, म्हनला, आजी, मी चिठ्ठीवर हुतं तेवढंच पाजलं. डॉक्टरीणबाई म्हनल्या, मशीनचं चुकलं. मशीनची आन माझी काय दुश्मनी हाय का?"

मी म्हणालो, "मशीनचं नाही चुकलं. ते सांगत होतं. मी ऐकलं नाही."

"काय सांगत हुतं?"

"शेळीची नोंद गायींत जाईल, असं. मी त्याला गप्प केलं."

"का?"

संस्कृती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मला कळत नव्हतं ते काय म्हणतंय. आणि कळत नाही, असं म्हणायला जड जात होतं."

एक कोंबडी सुपाजवळ आली, तिला छबूबाईंनी हाकललं.

"आन आता पुन्ना व्हनार न्हाई, कशावरनं?"

दिवाळीच्या वेळचा मी असतो तर म्हणालो असतो, शंभर टक्के होणार नाही आजी, आम्ही आहोत ना. आज मी जमिनीवर बोटाने चौकोन काढला. शेळ्यांचा गोठा, बघणारा, बांधणारा, रेडा. त्या ऐकत होत्या. रेड्यापाशी त्यांनी मला थांबवलंच.

"रेडा कोन बांधंल शेळ्यांत? पाय देऊन मारंल की त्यो."

"मी बांधला होता," मी म्हणालो. "आता गोठ्याचं दार तेवढंच ठेवलंय. रेडा आत शिरतच नाही. कोणी घाईत असलं, नवीन असलं, तरी नाही."

त्या उठल्या आणि मागच्या बाजूला निघून गेल्या. मी संस्कृतीला हळूच म्हटलं, "चल, निघू. पटलं नाही त्यांना." ती म्हणाली, "थांबा सर."

छबूबाई एका काळ्या शेळीला दाव्याने ओढत घेऊन आल्या. आमच्याकडे न बघता सरळ लिंबाखाली गेल्या. आम्ही मागे.

"आदी वजन करा," त्या बिभीषणला म्हणाल्या.

वजन केलं. चिठ्ठी निघाली. ती त्यांनी माझ्या हातात न देता संस्कृतीला दिली. "वाच गं बाय, मोठ्यानं."

संस्कृतीने वाचलं. बिभीषणने तेवढं औषध मापात घेतलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी माप उन्हाकडे करून बघितलं.

"मागल्या टायमाला लई हुतं."

"व्हय, आजी."

"एवढंच?"

"एवढंच."

शुभांगी मॅडम गाडीजवळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

छबूबाई खाली बसल्या, शेळीचं डोकं मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने तिचा जबडा उघडून धरला. बिभीषण धरायला पुढे झाला, तर त्याचा हात बाजूला सारला. "म्या धरते. तू पाज."

त्याने पाजलं. शेळीने मान झटकली, ओठ चाटले आणि लिंबाचा पाला शोधायला लागली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे. छबूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कान चाचपला, थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मग दुसरी आणली. मग तिसरी. प्रत्येकीचं वजन आधी, चिठ्ठी मोठ्याने वाचून, आणि जबडा त्यांनीच धरायचा.

शेवटची शेळी सोडल्यावर त्यांनी पदराला हात पुसले आणि समोरच्या दारांकडे तोंड करून ओरडल्या,

"ए, बघत काय बसल्या गं? आना की तुमच्या बी!"